जेवणाला गावाचे नाव हवे

“काकाजी, आपल्याकडे पोट भरते. जेवण तिकडे होते.”

दिवाळी उलटून मंडईच्या जत्रांचे दिवस सुरू झाले की बाहेर गेलेली आमची पोरे गावाकडे येतात. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्याही भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरला आला होता. लग्नाच्या वाढदिवसाला तो बायकोला घेऊन पुण्यातल्याच एका फ्रेंच धाटणीच्या महागड्या रेस्टॉरंटात जेवून आला होता. मोबाइलवर त्याचे फोटो दाखवता दाखवता तो हे वाक्य बोलून गेला. त्याच्यासमोर वहिनीने वाढलेले ताट होते. चिन्नोरचा भात, तलावातल्या मासोळीचा रस्सा आणि आंबाडीची भाजी. वहिनी काही बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्या वाक्याशी भांडतो आहे.

भांडण पुतण्याशी नाही. हेच वाक्य मी लग्नघरी ऐकले आहे, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ऐकले आहे आणि महामार्गावर हॉटेल काढायला निघालेल्या तरुणांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्याला गावातली वडीलधारी मंडळी जे उत्तर देतात, तेही मला मान्य नाही. ती म्हणतात, “एवढ्या मोठ्या बशीत चमचाभर द्यायचे नि हजारो रुपये घ्यायचे, हे जेवण आहे काय?” माझ्या मते दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही फ्रेंच जेवण म्हणजे पांढरी बशी, काटा-चमचा आणि बिलावरचा आकडा एवढेच पाहिले. बशीतला जिन्नस कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. फ्रेंच जेवणाचा सगळा मान त्या प्रश्नात आहे.

आधी वडीलधाऱ्यांना उत्तर देतो. पुतण्या जे कांद्याचे सूप प्यायला, त्यात कांदा लोण्यात मंद आचेवर तासभर परतावा लागतो. घाई केली तर तो करपतो आणि सूप कडू होते. त्यात घालायचे पाणी साधे नसते. हाडे, कांदा, गाजर उकळीच्या खालच्या आचेवर कित्येक तास शिजवून, वरचा फेस पुन्हा पुन्हा काढून केलेला तो अर्क असतो. बदकाची तंगडी आधी मिठात मुरवतात आणि मग तिच्याच चरबीत सावकाश शिजवतात. हे काम करणारा माणूस वर्षानुवर्षे शिकलेला असतो. ऑग्यूस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने 1903 साली आपला पाककृतींचा मोठा ग्रंथ छापला, आणि स्वयंपाकघरात सॉसचा वेगळा, भाजणीचा वेगळा, मिठाईचा वेगळा माणूस अशी कामाची शिस्त रुजवली. चमचाभर दिसणाऱ्या त्या वाढपामागे एवढी माणसे उभी असतात, आणि एकामागून एक पाच-सहा वाढपे झाली की माणूस उपाशी उठत नाही. सावजीचा मसाला भाजताना आच चुकली तर रस्सा फुकट जातो हे आपल्याला कळते. मग दुसऱ्याच्या आचेवरच्या कष्टाला चोचले म्हणणे आपल्याला शोभत नाही.

हे कष्ट आता आपल्या माणसांनीही आपलेसे केले आहेत. पुण्यात प्रभात रस्त्यावर ‘ले प्लेझिर’मध्ये मराठी शेफ फ्रेंच मिठाई घडवतात. मुंबईत वरळी कोळीवाड्याच्या वस्तीला लागून, जुन्या बंगल्यात ‘स्लिंक अँड बार्डो’ हे फ्रेंच वळणाचे रेस्टॉरंट उघडले. गोव्यात अश्वे किनाऱ्यावर ‘ला प्लाज’ आहे. ज्याच्या खिशाला परवडते त्याने अशा ठिकाणी जरूर जावे, बायकोला घेऊन जावे, दोन तास निवांत बसावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता पुतण्याकडे वळतो. त्याचे पहिले म्हणणे असे की तिकडे एकेक पदार्थ क्रमाने येतो, म्हणून ते जेवण. आपल्याकडे सगळे एकदम ताटात पडते, म्हणून ते पोट भरणे. इतिहास त्याच्या बाजूचा नाही. अठराव्या शतकापर्यंत फ्रान्सच्या राजघराण्यातसुद्धा मेजावर अनेक पदार्थ एकाच वेळी मांडत, आणि ज्याला जे हवे ते तो घेई. या पद्धतीलाच ‘फ्रेंच वाढप’ म्हणत. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली आणि तिचे नाव आजही ‘रशियन वाढप’ आहे. फ्रेंचांनी ती घेतली, सुधारली आणि जगभर पोहोचवली. म्हणजे ज्या क्रमाला पुतण्या फ्रेंच संस्कृती समजतो, तो फ्रेंचांनीही बाहेरून आणलेला आहे. आणि ज्या ताटाला तो गावंढळ समजतो, त्याच्या जवळची मांडणी एके काळी व्हर्सायमध्ये होती.

शिवाय आपल्या ताटालाही क्रम आहे. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि पातळ कालवण. पहिला घास वरणभाताचा, शेवटचा ताकभाताचा. डावीकडचे तोंडी लावायला, म्हणून थोडे. उजवीकडचे पोटाला, म्हणून पुन्हा वाढायचे. पंगतीत वाढपी कोणत्या क्रमाने फिरतो, कोणता पदार्थ दुसऱ्यांदा कधी येतो, शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी का उठत नाही, याला नियम आहेत. ते कोणी छापील मेनूवर लिहिले नाहीत, एवढाच फरक.

त्याचे दुसरे म्हणणे पैशाचे आहे. “एवढे पैसे घेतात, म्हणजे काही तरी असेलच.” हा विचार फ्रान्समध्येही टिकणार नाही. ‘रेस्टॉरंट’ हा शब्दच मुळात एका पातळ रश्श्याचे नाव होता. थकल्या-आजारी माणसाला उभारी देणारा मांसाचा अर्क, तो ‘रेस्टोरां’. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये असा रस्सा विकणारी दुकाने निघाली आणि पुढे दुकानालाच रश्श्याचे नाव चिकटले. 1855 च्या सुमारास द्युव्हाल नावाच्या खाटकाने पॅरिसच्या मुख्य बाजाराजवळ कामकऱ्यांसाठी स्वस्त रस्सा आणि मांस देणारी खानावळ काढली. तिला ‘बुईयाँ’ म्हणत. 1896 साली सुरू झालेले ‘शार्तिए’ हे बुईयाँ आजही चालू आहे. कांद्याचे सूप बाजारातले हमाल पहाटे पीत. मार्सेयचा प्रसिद्ध माशांचा रस्सा कोळ्यांनी न विकल्या गेलेल्या, खडकांत राहणाऱ्या माशांचा केलेला. वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा म्हणजे चिवट झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्याला मऊ करण्याची शेतकऱ्याची युक्ती. चरबीत मुरवलेले बदकसुद्धा फ्रिज नव्हता तेव्हा मांस टिकवायला शोधलेला उपाय. पुतण्याने वाढदिवसाला जे खाल्ले, ते बहुतेक हमालांचे आणि शेतकऱ्यांचे अन्न होते. त्याला मान कष्टाने आणि नावाने आला, किंमत नंतर चढली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी हेच काम केले. घरापासून तुटलेल्या हजारो गिरणी कामगारांना त्यांनी घरचे अन्न दिले, आणि 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने एकत्र आणले. बुईयाँचा इतिहास पॅरिसने जपला, त्याची जुनी दालने राखली. आपल्या खानावळींचा इतिहास आपण चार ओळींच्या पलीकडे लिहिला नाही. दोन शहरांतला खरा फरक इथे आहे.

तिसरे म्हणणे मला सगळ्यांत जास्त लागले. “तिकडचे जिन्नसच वेगळे, काकाजी. आपल्याकडे काय, भात नि मासोळी.”

याला उत्तर म्हणून एका बाईची गोष्ट सांगतो. युजेनी ब्राझिए. 1895 साली पूर्व फ्रान्समध्ये बूर्ग-आं-ब्रेस शहराजवळच्या एका खेड्यात जन्मली. लहानपणी शेतावर राबली, शाळा जवळजवळ नाहीच. पुढे ल्योंमध्ये दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला आणि 1921 साली त्याच शहरातल्या एका गल्लीत स्वतःची छोटी खानावळ काढली. ल्योंमध्ये अशा स्वयंपाकिणींना लोक ‘मेर’, म्हणजे आई म्हणत. पुढे तिची दोन रेस्टॉरंटे झाली, आणि 1933 साली मिशेलँ मार्गदर्शिकेने ब्राझिएबाईंच्या त्या दोन्ही रेस्टॉरंटांना प्रत्येकी तीन तारे दिले. तीन ताऱ्यांच्या वर त्या मार्गदर्शिकेत काही नाही. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूझ तिच्या हाताखाली शिकला. आज ज्याला आपण उंची फ्रेंच रेस्टॉरंट म्हणतो, त्याच्या शिखरावर शेण काढलेल्या हातांची एक खेड्यातली बाई उभी आहे.

ती काय वाढत होती? आपल्याच मुलखातली कोंबडी. ब्रेसच्या कोंबडीला 1957 साली कायद्याने नावाचे संरक्षण मिळाले; ठरलेल्या हद्दीबाहेर वाढवलेल्या कोंबडीला ते नाव लावता येत नाही. आणि ब्रेसला लागून जो प्रदेश आहे, त्याचे वर्णन वाचताना मला आपला जिल्हा दिसला. त्याचे नाव दोंब. तिथे हजाराच्या वर तलाव आहेत, एकही नैसर्गिक नाही. मध्ययुगापासून माणसांनी बांध घालून ते तयार केले. त्यात कार्प जातीचे मासे वाढवतात, तलाव रिकामा करून मासे काढतात, आणि काही वर्षांनी एकदा त्याच सुपीक तळात एक वर्ष धान्य पेरून पुन्हा पाणी भरतात. ल्योंची रेस्टॉरंटे दोंबचे मासे नावानिशी वाढतात.

आता आपल्याकडे पाहा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधले. चढ-उतार वाचून, पाळ घालून, पाट काढून, एका तलावाचे जादा पाणी दुसऱ्यात जाईल अशा रीतीने. मालगुजारी गेली तरी त्यांना आजही आपण माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतो. ढिवर समाज त्यात मासोळी धरतो, शिंगाडा लावतो. त्यातलाच रोहू, त्यातलाच कतला. हेही कार्पच. दोंबच्या माशाचे जे नातलग, ते आपल्या जाळ्यात येतात. फ्रेंच माणूस जंगलातल्या आळंबीसाठी पावसाची वाट पाहतो. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर वारुळावर टेकोडे उगवतात आणि बाया पहाटे टोपल्या घेऊन निघतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, तरोट्याची भाजी, मोहफुले, लाखोळीची डाळ यांतले काय कमी आहे?

फ्रान्समधल्या बास्क भागात एस्पलेत नावाचे गाव आहे. तिथल्या लाल मिरचीला 2000 साली नावाचे संरक्षण मिळाले आणि ती जगभरच्या उंची रेस्टॉरंटांच्या मेनूवर नावानिशी छापली जाते. आपल्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्गच्या दलदलीत भात पिकतो. त्यालाही युरोपने संरक्षित नाव दिले आहे. आपल्या भंडारा चिन्नोरलाही भौगोलिक मानांकन आहे. कागद दोघांकडे आहे. फरक असा की कामार्गचा तांदूळ वाढणारे हॉटेल ‘कामार्ग’ हा शब्द मेनूवर अभिमानाने लिहिते, आणि शहापुरातून जाणाऱ्या नागपूर–रायपूर महामार्गावरच्या हॉटेलांच्या मेनूत ‘चिन्नोर’ हा शब्द मला आजवर वाचायला मिळालेला नाही. तिथे ‘जीरा राइस’ आहे, ‘पनीर बटर मसाला’ आहे, ‘चायनीज’ आहे. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशापर्यंत हा रस्ता जातो, आणि वाटेत कुठेही उतरले तरी ताट तेच.

इथे पुतण्याला त्याचा न्याय दिला पाहिजे. त्याच्या वाक्यात एक दुखरी खरी गोष्ट आहे. बाहेर जेवायला गेले तर आपल्या भागात खरोखर बऱ्याचदा फक्त पोट भरते. तेल पुन्हा पुन्हा तापवलेले असते, रस्सा रंगाने लाल केलेला असतो. बायकांना पडद्याआडच्या ‘फॅमिली रूम’मध्ये बसवतात, हात धुवायची जागा दाखवायची लाज वाटते. चुलीसमोर राबणाऱ्या आचाऱ्याला बसायला खुर्ची नसते, आठवड्याची सुट्टी नसते, आणि त्याचे नाव मालकाखेरीज कोणाला ठाऊक नसते. हे आपले दोष आहेत. परंपरेच्या नावाखाली ते झाकले तर पुतण्याचे वाक्य पुढच्या पिढीतही ऐकावे लागेल.

पण यावर त्याच्यासारख्यांनी मनात धरलेला उपाय साफ चुकीचा आहे. त्याच्या वयाच्या दोन-तीन पोरांनी मिळून भंडाऱ्याजवळ ‘फ्रेंच कॅफे’ काढायचे ठरवले आहे. डबाबंद आळंबी, पाकिटातले चीज, बाटलीतला सॉस आणि पांढरे मेजपोस. माझा त्यांना विरोध आहे, आणि तो परदेशी पदार्थांना नाही. फ्रेंच जेवणाचा आत्मा ‘जवळचे, मोसमातले, नावाचे’ या तीन शब्दांत आहे. त्यातला एकही शब्द पाळला नाही तर उरतो तो फक्त मेजपोस. फ्रान्सच्या कायद्यानेच ही गोष्ट पुढे नेली आहे. 2014 साली तिथे ‘घरी बनवलेले’ अशी खूण सुरू झाली. कच्च्या जिनसांपासून तिथल्या तिथे रांधलेल्या पदार्थालाच ती लावता येते. जेवणाबरोबर पाव आणि साध्या पाण्याची सुरई तिथे ताटाच्या किमतीतच धरतात, आणि सेवेचे पैसे छापील किमतीत आधीच असतात. 2010 साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तोही कोणत्या रेस्टॉरंटला नाही की पदार्थाला नाही. जन्म, लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी माणसे एकत्र बसून, स्थानिक जिन्नस निवडून जे निगुतीने जेवतात, त्या रीतीला तो मान आहे. ती रीत पाहायला पुतण्याला पुण्याला जायची गरज नव्हती. त्याच्या आईने त्या दिवशी ती त्याच्यासमोर मांडली होती.

कोणी विचारेल, चिन्नोर वाढणे परवडेल का? प्रश्न रास्त आहे. चिन्नोर उशिरा येणारा, उतारा कमी देणारा वाण. सरकारी खरेदी केंद्रावर धानाचे दोनच वर्ग, साधारण आणि अ दर्जा. वासाला तिथे भाव नाही. मग शेतकऱ्याने तो का लावावा? त्याला भाव देणारे गिऱ्हाईक हवे, आणि ते गिऱ्हाईक हॉटेलच होऊ शकते. ब्रेसच्या कोंबडीला कायद्याने नाव दिले, पण तिला जगवले ते ल्योंच्या ‘आयांनी’. त्यांनी रोज ती विकत घेतली, मेनूवर तिचे गाव लिहिले आणि जादा किंमत शेतकऱ्यापर्यंत पोहोचवली. रेस्टॉरंट आणि शेत यांच्यात असा व्यवहार सुरू झाला तरच मानांकनाचा कागद भिंतीवरून खाली उतरून शेतात पोहोचतो.

म्हणून त्या पोरांना माझे सांगणे आहे. तुमचे भांडवल काढा, जागा काढा, पण पाटीवर ‘फ्रेंच’ लिहू नका. फ्रेंचांकडून घ्यायचे ते काम घ्या. तांदळाचे नाव लिहा आणि तो कोणत्या गावच्या बांधीतला तेही लिहा. मासोळी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडून घ्या आणि आज कोणत्या तलावाची आहे ते फळ्यावर खडूने लिहा. नसेल त्या दिवशी ‘आज मासोळी नाही’ असे लिहायची हिंमत ठेवा. पावसात टेकोडे आणि वास्ते, हिवाळ्यात शिंगाडा, उन्हाळ्यात आंबील, असा मोसमाबरोबर मेनू बदला. रांधायला बचत गटातल्या बाया घ्या, त्यांना पगार, सुट्टी आणि खुर्ची द्या, आणि त्यांचे नाव मेनूच्या पहिल्या पानावर छापा. पडद्याची खोली काढून टाका. गिऱ्हाईकाला तासभर निवांत बसू द्या. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. वाढा ते पितळी ताटात, कल्हई केलेल्या वाटीत. आणि किंमत कष्टाला साजेशी घ्या, संकोच न करता घ्या.

असे जेवण शहापुरात उभे राहिले तर मी माझ्या पुतण्याला तिथे नेईन. पण त्याआधी त्याला एक काम सांगायचे आहे, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकालाही. आज जेवायला बसाल तेव्हा ताटातल्या भाताचे नाव विचारा, तो कोणत्या गावचा ते विचारा, आणि रांधणाऱ्या बाईला तिच्यासमोर सांगा की जेवण झाले.